खुणेची फांदी

महानगरपालिकेनं आमच्या अण्णांची तक्रार शेवटी मनावर घेतली आणि माणसं पाठवून दारातल्या लिंबाची फांदी तोडून नेली. फांदीबरोबर अण्णांनाही नेलं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं मी बापाची चेष्टा करते. (करते. पण ती मी ते असतानाही करायची आणि त्यांना चालायची.)

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका सूतगिरणीत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर एकच काम हाती घेतलं, ती फांदी. आमच्या दारातल्या कडुलिंबाला दोन मोठ्या फांद्या. एक अंगणावर आलेली, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसरी रस्त्याकडची, थेट विजेच्या तारांत घुसलेली. वारा सुटला की ती तारांना घासायची, ठिणगी उडायची आणि आमच्या ओळीतली लाईट जायची. लाईट गेली की आईचं वाफेचं मशीन बंद. आईला दमा आहे, आणि दमा नेमका वारा सुटल्यावरच जोर करतो. मग अण्णा अंधारात पुठ्ठ्यानं आईला वारा घालत बसायचे आणि सकाळी उठून झोन ऑफिसला जायचे.

पालिका म्हणायची, तारा वीजवाल्यांच्या. वीजवाले म्हणायचे, झाड पालिकेचं. मधली फांदी कुणाचीच नव्हती, म्हणून ती अण्णांनी घेतली. इतक्या चकरा मारल्या, की ऑफिसात त्यांचं नावच पडलं. ते दारात दिसले की तिथला क्लार्क आत ओरडायचा, "फांदीवाले आले, चहा सांगा."

"अण्णा, तुम्हाला तिथं हजेरी लावतात का?" मी विचारायची.

"शैले, माणसानं मागं लागायचं सोडलं की सरकार त्याला मेलेला धरतं," ते म्हणायचे, आणि चपला घालायचे.

ते गेले ते असेच, फार गाजावाजा न करता. दुपारी आईकडं चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. आई कप घेऊन उभी. तेव्हापासून ती रडली नाही, बोललीही नाही. "चहा गार झाला" एवढं एकच वाक्य ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मी एकुलती एक. अग्नी मीच दिला. अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, करकंबहून आले होते. त्यांना हे पसंत नव्हतं. "आपल्यात बाया स्मशानात जात न्हाईत," ते म्हणाले. मी गेले. मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बरं हाय. पन आता सगळं तिनंच निभवायचं. बघू, कसं निभावतंय."

दुसऱ्या दिवशी मी अस्थी सावडून आणल्या. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. मी तांब्याचं तोंड फडक्यानं घट्ट बांधलं आणि टांगायला काही मिळतंय का बघितलं. दारामागच्या खिळ्याला आईच्या जुन्या पातळाची एक लांब लाल पट्टी अडकवलेली होती. मी मनात म्हटलं, बघा, देवच देतो. (देव नव्हता. ते पुढं येईल.) रस्त्याकडची फांदी धोक्याची, म्हणून अंगणावरच्या शहाण्या फांदीला अण्णांना बांधलं. पोरांचा चेंडू लागू नये म्हणून तांब्या पानांत वर सारून ठेवला. खालून नुसती लाल गाठ दिसत होती. नानाकाका गाडी आणायला करकंबला गेले. सकाळी परत येऊन सगळ्यांनी संगमावर जायचं ठरलं.

सकाळी पाणी आलं.

सोलापुरात पाणी आलं की बाकीचं जग थांबतं. सुतक असो, लग्न असो, नळ वाट बघत नाही. मी, आई, शेजारच्या दोघी, सगळ्या मागच्या दारी. मोटार घरघरतेय, टाकी भरतेय, हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी डाळीचं पातेलंसुद्धा भरून घेतलं. पुढच्या दारी तोफ उडाली असती तरी कळलं नसतं. पाणी गेल्यावर पदर पिळत मी अंगणात आले, तर अंगणात ऊन. आमच्या अंगणात ऊन नसतं. मी वर बघितलं.

फांदी नव्हती. गाठ नव्हती. अण्णा नव्हते. रस्त्याकडची फांदी मात्र होती तशी तारांत हात घालून उभी.

समोर महबूबभाई रिक्षा पुसत होते. ते अण्णांचे दोस्त, रोजची पेपरवाचनाची जोडी. मला बघून ते हसत पुढं आले. "बेटा, आज अण्णा पाहिजे होता. कार्पोरेशनवाले ट्रॉली घेऊन आले, पंधरा मिंटात काम फत्ते. पोरं विचारत होती, खुणेची फांदी कुठली? मी दाखवली, ती बघा लाल गाठ. मला वाटलं, अण्णाच बांधून गेला. चहा पण पाजला पोरांना."

"महबूबभाई, त्या गाठीला अण्णा होते."

त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. "या अल्ला," ते म्हणाले, आणि रिक्षाला किक मारायच्या ऐवजी माझ्या उंबऱ्यावरच बसले. मीच त्यांना उठवलं आणि रिक्षा काढायला लावली. नानाकाका यायच्या आत तांब्या झाडावर परत गेला पाहिजे होता, नाहीतर पोरीला बापाचं एवढंसुद्धा निभावलं नाही हे करकंबपासून नातेपुत्यापर्यंत सगळ्या पावण्यांना कळलं असतं. खरं सांगते, पावण्यांचं मला तेवढं नव्हतं. अण्णांना मी एक दिवस सांभाळायचं होतं आणि तेवढंही मला जमलं नव्हतं.

झोन ऑफिसात तोच क्लार्क. पत्ता सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा फुलला. "फांदीवाले काकांच्या घरनं का? झालं की काम! मागच्या खेपेला मीच काकांना म्हणलं होतं, पथकातली पोरं नवीन हायत, घोटाळा व्हायला नको, फांदीला एक लाल कापड बांधून ठेवा. बघा, लगेच सापडली. काका कुटंयत? पेढे आणायला सांगा."

आत्ता मला खिळ्यावरची ती पट्टी कुठून आली ते कळलं. अण्णांनी फाडून ठेवली होती. बांधायचं राहून गेलं होतं.

"काका वारले," मी म्हणाले.

तो उभा राहिला. टेबलावरचा चष्मा उचलला, परत ठेवला. "असं कसं," तो म्हणाला, "सोमवारी येतो म्हणले होते की."

"त्यांच्या अस्थी त्या फांदीला बांधल्या होत्या. तुमच्या ट्रॉलीत गेल्या."

त्यानं धडाधड फोन फिरवले. शेवटी मुकादम सापडला. फांद्या सकाळीच स्मशानभूमीत टाकल्या म्हणाला, वाळल्या की सरपणाला होतात. मी पळत निघाले, तर सवयीनं क्लार्क मागून बोललाच, "ताई, काम झाल्याची तक्रारदाराची सही लागती."

"तक्रारदार ट्रॉलीत हाय म्हणतात ना त्या," महबूबभाई म्हणाले.

स्मशानातल्या माणसानं मला लांबूनच ओळखलं. काल त्यानंच राख गोळा करून दिली होती. "ताई," तो काळजीनं म्हणाला, "कालच न्हेलं की तुमी. काय राहिलं का?"

"नेलं होतं. ते परत आले."

तो एक पाऊल मागं सरला. महबूबभाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "हितनं गेलेलं परत आल्यालं पयलंच बघतुय."

भिंतीकडेला लिंबाच्या फांद्यांचा ढीग होता, आणि ढिगावर शेळ्या. पाला खाऊन निम्मा संपवला होता. आम्ही तिघं त्या ढिगात शिरलो. मी या बाजूनं, महबूबभाई त्या बाजूनं, साडी काट्याकुट्यात अडकतेय, हातात येतंय ते पानच. तेवढ्यात मला एका काळ्या शेळीच्या तोंडात लाल काहीतरी दिसलं. आईचं पातळ. ती शांतपणे चघळत होती आणि चघळता चघळता पट्टी आत ओढत होती. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तांब्या खडखडत तिच्याकडं निघाला होता.

मी झडप घातली. शेळी उडाली, मी ढिगात पालथी, पण तांब्या माझ्या हातात. तोंडाचं फडकं तसंच घट्ट. तांब्याला एक पोचा तेवढा आला होता.

अण्णा गेल्यापासून मला रडायला सवड झाली नव्हती. मंडप, पावणे, सरपण, सगळं मीच बघत होते, कारण कुणीतरी बघत होतं की कसं निभावतंय. तिथं लिंबाच्या पाल्यात बसून, तांब्या पोटाशी धरून मी रडले. मोठ्यानं, तोंड वासून, लहानपणी रडायची तशी. महबूबभाई बाजूला बसून डोळे पुसत होते. शेळी उरलेली पट्टी मागत उभी होती.

घरी आलो तर नानाकाका अंगणातल्या उन्हात उभे. गाडी दारात, पावणे गाडीत. माझ्या केसांत पाला, साडी फाटलेली, हातात तांब्या. ते माझ्याकडं बघत राहिले. "तरी म्हणलं हुतं," त्यांनी सुरुवात केली.

आई उंबऱ्यातून उठली. तिनं तांब्याकडं नाही, त्याला लोंबणाऱ्या अर्ध्या पट्टीकडं बघितलं.

"ही तर ह्यांनी फाडली होती," ती म्हणाली. अण्णा गेल्यापासून चहा सोडून ती पहिल्यांदाच काही बोलली. "खुणेला. फांदीला बांधतो म्हणले होते." मग तिनं झाडाकडं मान वर केली. एकदा तुटलेल्या फांदीच्या खुंटाकडं, एकदा न तुटलेल्या फांदीकडं. "आणि तू ह्या फांदीला बांधलीस व्हय गं?"

"व्हय, आई."

आई हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडं. तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला, छातीशी धरला आणि त्याला सांगितलं, "अहो, आली होती बघा ती माणसं. तुम्हीच घरी नव्हता."

नानाकाका तोंड फिरवून गाडीकडं गेले. बराच वेळ गाडीची काच पुसत होते. काच स्वच्छ होती.

आई थोडी शांत झाली, तशी माझ्या पर्समधला अण्णांचा मोबाईल वाजला. रेकॉर्ड केलेला आवाज होता, एका बाईचा, फार गोड. "आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. आपण समाधानी असल्यास एक दाबा. समाधानी नसल्यास दोन दाबा." मी फोन सगळ्यांना ऐकवला. डोक्यावर वारा सुटला होता आणि ती बेरड फांदी तारांना घासत होती.

"दोन दाब," आई म्हणाली.

"दोनच दाब," नानाकाका म्हणाले.

मी दोन दाबलं. अण्णांची तक्रार पुन्हा नोंदवून घेतल्याबद्दल त्या बाईनं अण्णांचे आभार मानले. मग नानाकाकांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, पुढं बसलेल्या पावण्याला मागं घातलं आणि मला म्हणाले, "तू हितं बस. तांब्या तुज्याच मांडीवर राहू दे."

संगमावर सगळं नीट पार पडलं. पाणी बेताचंच होतं. तांब्या रिकामा झाल्यावर मला तो फार हलका वाटला.

आता फांदीचं मी बघते. तक्रार अजून अण्णांच्याच नावावर आहे. मागं लागणं सुटलेलं नाही, तेव्हा सरकारनं त्यांना अजून मेलेलं धरलेलं नाही. फांदीच्या चौकशीला पहिल्यांदा गेले तेव्हा मी ऑफिसात शिरून नुकतीच पंख्याखाली उभी राहिले होते. क्लार्कनं मान वर केली आणि आत ओरडला, "फांदीवाले आले, चहा सांगा."

मी चटकन मागं वळून दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. चहा माझ्यासाठी होता.