चाचांनी पंख सुलटा केला

मंडळी, दोन तास झाले, मी अजून त्या पंखासमोर बसून आहे.

आमच्या कॉलेजची टीम छोटी रेसिंग कार बनवते. पुढचा पंख माझ्याकडे. विमानाचा पंख वर उचलतो, आम्ही तोच उलटा करून, म्हणजे त्याचं फुगीर पोट खाली ठेवून, रस्त्यापासून चार बोटांवर लावतो. मग वळणावर गाडी जमिनीला दाबून राहते.

आकार निवडण्यात माझे चार महिने गेले. मोठ्या पोटाचे आकार मोकळ्या हवेत लई भारी वाटायचे, पण जमिनीजवळ आणले की खालची हवा पोट सोडून द्यायची आणि दाब गायब. शेवटी बेताच्या पोटाचा एकच टिकला.

त्याचं ड्रॉइंग मी रफिकचाचांना दिलं होतं. आज तयार पंख आणायला सात रस्त्याजवळ त्यांच्या फायबरच्या शेडवर गेले. त्यांनी फडकं बाजूला केलं. पंख आरशासारखा गुळगुळीत, पण पोट वर!

"तुमी घाईत उलटा काढला हुता," चाचा हसत म्हणाले. "विमानाचा असा नसतो की. मी सुलटा केला."

आता पालथा घालावा, तर गाडीला जोडायचे कान त्यांनी पंखातच ओतलेत. ते खाली येतात, नेमके हवा मोकळी जायला हवी तिथंच. स्पर्धा परवा आहे.

भांडायचंच म्हणून ड्रॉइंग उघडलं. रस्ता कुठल्या बाजूला, हे मी त्यावर कुठंच लिहिलं नव्हतं.

"आता बरोबर हाय न्हवं, बेटा?"

मी "व्हय चाचा" म्हणाले. तुम्ही काय म्हणाला असता?