गाळलेल्या गाण्यावरचे अभिप्राय

त्या दुपारचा माझा राग अजून उतरलेला नाही. ओळखीतले लोक म्हणतात, किती ताणशील, चार माणसं जमली, एक अल्बम ऐकला, कुणी काही बोललं, झालं गेलं. मी ताणणार आहे.

आमच्या लिक्सलिप या आयरिश गावात मराठी माणसांचं एक श्रवणमंडळ आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, बटाटेवडे खायचे, फोन बाजूला ठेवायचे आणि एखादं ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. काय ऐकायचं ते यजमानाच्या घरानं ठरवायचं. ज्यानं निवडलं त्यानं सुरुवातीला दोन शब्द बोलायचे, आणि ऐकून झालं की प्रत्येकानं पाळीपाळीनं अभिप्राय द्यायचा. निवडणाऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी. मंडळातले बहुतेकजण कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहेत, माझा नवराही तिथेच आहे. कारखान्यात जसे दोष शोधतात तसेच ते इथे शोधतात. भीमपलास असो नाहीतर भावगीत, कुठे काय कमी पडलं हे आधी सांगायचं.

पहिल्यापासून शेवटपर्यंत, हे आपलं म्हणायला. मंडळ ज्यांनी सुरू केलं त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. यजमानानं निवडलेलं ध्वनिमुद्रण आधी सरांकडे पाठवायचं, सर ते ऐकून त्यातलं 'अनावश्यक' काढून टाकणार आणि तयार यादी आपल्या फोनवर घेऊन येणार, अशी प्रथा आहे. या कामाला ते संपादन म्हणतात. जुन्या मैफिलींच्या बाबतीत कुणाची तक्रार नव्हती. तानपुरा लावणं, माईकची शिट्टी, निवेदकाचं पाल्हाळ, गेलं तर बरंच. माणूसही वाईट नाही. आम्ही इथे आलो तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांनीच आम्हाला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, हे मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त संताप होतो.

आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. बाबागाडीत बसून या देशात आली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजी, तेही इथल्या हेलात. आमच्या घरात प्रश्न मराठीत असतात आणि उत्तरं इंग्रजीत. मंडळाच्या दिवशी ती दोन वडे ताटलीत घ्यायची आणि वर खोलीत निघून जायची. आमच्याकडे पाळी आली तेव्हा मात्र ती आपण होऊन म्हणाली, यावेळी मी निवडते. मला इतका आनंद झाला की मी कारणही विचारलं नाही. तिनं एक ब्रिटिश हिप-हॉप अल्बम निवडला. मी म्हटलं, मला आधी ऐकव. ती म्हणाली, नको, तू आणि बाबा सगळ्यांबरोबरच ऐका. मग प्रथेप्रमाणे तिनं तो सरांकडे पाठवला.

त्या शनिवारी बैठकीच्या खोलीत जागा पुरेना, म्हणून वरच्या खुर्च्या खाली आणल्या. माझ्या सासूबाई कऱ्हाडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्या खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसल्या. त्यांचं आणि माझं फारसं जमत नाही, हे इथे सांगून टाकते. माझा आवाज चढतो आणि त्यांचा मुलगा शांत आहे, ही त्यांची कायमची तक्रार.

मुलगी उभी राहिली आणि मराठीत बोलली. "ही एक गोष्ट आहे. सगळी गाणी मिळून एकच. एक फॅमिली आहे, इंग्लंडमध्ये. मध्ये बोलू नका प्लीज. आणि नीट ऐका." एवढंच. तिनं ते खोलीत एकटीनं म्हणून पाहिलं होतं, मी जिन्यात ऐकलं होतं. तिचं बोलणं संपताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अरे वा, किती गोड मराठी बोलते." बोलली काय हे कुणी ऐकलंच नाही. तिचे कान लाल झाले आणि ती गालिच्यावर बसली.

गोष्ट सांगणारी गायिका तरुण होती. गायिका म्हणू की निवेदक, मला ठाऊक नाही. ती बोलत होती, पण ठेक्यावर बोलत होती, आणि मधूनच तिच्या बोलण्याला सूर यायचा. बाप शहरात बस चालवतो. सकाळी अंधारात डबा घेऊन निघतो, डब्याचं झाकण नीट लागत नाही, म्हणून त्याला रबर लावलेलं. आई घरी शाळेच्या गणवेशांना नावांच्या पट्ट्या शिवते. भिंतीला ओल आलेली, ती झाकायला पुढे कपाट सरकवलेलं. मी दोन गाण्यांतच त्या घरात जाऊन बसले होते. मग एकाएकी काहीतरी बिनसलं. आधीच्या गाण्यात शाळेत हसणारी त्या घरातली मुलगी पुढच्या गाण्यात खोलीबाहेर यायला तयार नाही. बापाशी बोलत नाही. माझी मुलगी मान वर करून सरांकडे पाहत होती. सर डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. सासूबाईंना डुलकी लागली होती. माझा नवरा हळूच वड्यांची ताटली पुढे सरकवत होता.

अल्बम संपला आणि अभिप्राय सुरू झाले.

एक बाई म्हणाल्या, ठेका छान आहे, चालताना ऐकायला बरं. एकाला चाल सापडली नाही. "नुसतं बोलायचंच होतं तर गाणं कशाला म्हणायचं?" सर म्हणाले, "आपल्याकडे पोवाड्यात हे सगळं आधीच होऊन गेलंय." हे वाक्य मला पाठ आहे. जगात काहीही दाखवा, ते आमच्याकडे आधी होऊन गेलेलं असतं, म्हणून आम्हाला ते नीट ऐकायची गरजच उरत नाही. लेटरकेनीहून मुद्दाम गाडी हाणत आलेले एक डॉक्टर म्हणाले, "ही लंडनकडची काळी मुलं, ड्रग्ज आणि सुरे. आपल्या मुलांनी असलं ऐकावं का, हा खरा प्रश्न आहे." त्या अल्बममध्ये ना ड्रग्ज होते ना सुरा. एक डबा होता, रबर लावलेला. याच गृहस्थांना इथल्या दुकानात कुणी पाकिस्तानी म्हटलं होतं, तर त्यांचा आठवडा वाईट गेला होता.

आणखी एक बाई म्हणाल्या, "मला तो बाप आवडला. किती समजूतदार. आवाज म्हणून चढत नाही. अगदी आपल्यातला वाटतो." माझा नवरा हसला आणि म्हणाला, "ग्रँड आहे तो." त्याला इथे सगळंच ग्रँड असतं. हवा, पगार, दातदुखी, सगळं.

मग एक तरुण इंजिनियर, हुशार म्हणून मंडळात ज्याला मान आहे तो, खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "माझी अडचण कथेची आहे. ही मुलगी अचानक घरात कोंडून का घेते? बापावर का रागावते? काही कारणच नाही. मध्ये एक पायरीच गाळलीय. लिहिणारीचा ढिसाळपणा आहे हा."

"ते गाणं तुम्ही काढलं," माझी मुलगी म्हणाली. सरांकडे बघून म्हणाली, आणि मराठीत.

सर हसले. "बाळा, त्यात फार शिव्या होत्या. इथे आजी-आजोबा बसलेत. बाकी सगळं ठेवलं की नाही मी?"

ती मग इंग्रजीत बोलली, भराभर. शिव्या ती मुलगी देत नाही, तिला देतात, ती म्हणाली. तेच गाणं म्हणजे गोष्ट आहे.

"बरं, राहू दे," माझा नवरा म्हणाला. "चहा टाकू या."

मला का कुणास ठाऊक, त्याचा तो आवाज खटकला. फार घाईचा होता. मी म्हटलं, "चहा नंतर. आधी ते गाणं लाव." सर म्हणाले, अहो, वेळ झालाय, कासलबारच्या मंडळींना लांब जायचंय. मी म्हटलं, माझं घर आहे, आमच्या घरानं निवडलंय, आणि यजमानाला विचारल्याशिवाय कापाकापी करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? माझा आवाज चढला होता. सासूबाई जाग्या झाल्या.

मुलीनं आपल्या फोनवरून गाणं लावलं. शाळा सुटल्यावर गाण्यातली मुलगी बसथांब्यावर उभी आहे. तीन-चार पोरं येतात. पोरं बोलतात, तेव्हा ठेका थांबतो, नुसते आवाज. मग ती घरी येते, बापाला सांगते. बाप डब्याचं रबर काढता काढता म्हणतो, उत्तर द्यायचं नाही. मान खाली घालायची आणि सरळ घरी यायचं. सोडून दे. आईला सांगू नकोस.

गाणं संपलं. प्रथेप्रमाणे आता माझ्या मुलीची पाळी होती, आणि तिनं आपला अभिप्राय दिला. ती इंग्रजीत एवढंच म्हणाली, की हे माझ्याबरोबर झालंय, इथल्या स्टेशनवर, शाळेतून येताना. शब्दसुद्धा जवळजवळ हेच होते.

माझ्या हातात ताटल्या होत्या. त्या मी खाली ठेवल्या.

"काय म्हनली रं पोर?" सासूबाईंनी विचारलं. "रडतीया का ती? काय हाय त्या गान्यात, मला कुनी सांगंल का?"

"काही नाही आजी, इंग्रजी गाणं आहे," सर म्हणाले.

माझं डोकं फिरलं ते या वाक्यानं. काही नाही म्हणे. तुमच्या कानांना जे सोसत नाही ते तुम्ही गाळता, आणि आमच्या पोरीनं तेच भर दिवसा फलाटावर एकटीनं ऐकलेलं असतं. तिला ते गाळता आलं नाही. तुमच्या फोनवर बोट सरकवलं की शिवी जाते, तिच्या समोर उभी असलेली पोरं जात नाहीत. वर तुम्ही म्हणणार, गोष्टीत कारणच नाही. हे सगळं मी मोठ्यानं बोलले की मनात, मला आठवत नाही. नवरा म्हणतो, मोठ्यानं.

मग मी सासूबाईंच्या खुर्चीजवळ बसले आणि त्यांना मराठीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. "ती पोरं म्हणाली, काळी कुत्री. म्हणाली, तुझ्या अंगाला घाण येते, माकडीण, जा तुझ्या देशात, नाहीतर घालवून देऊ. आणि दर वाक्याच्या आधी आईवरून शिवी दिली." ती शिवीही मी दिली. सासूबाईंसमोर, त्या डॉक्टरांसमोर, सरांसमोर, आपल्याकडे देतात तशी. कुणीतरी "अहो वहिनी" म्हणालं. "आणि हे सगळं हिलाही म्हणाले. इथे, स्टेशनवर."

सासूबाईंनी नातीला जवळ बोलावलं. "कुनाला सांगितलंस का न्हाई, बाळा?"

"बाबांना," ती म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मला हे माहीत नव्हतं. माझ्या घरात घडलेलं, आणि मला माहीत नव्हतं.

"आन् तू काय केलंस?" त्याच्या आईनं त्याला विचारलं.

त्या समजूतदार बापाचं कौतुक करणाऱ्या बाई आपल्या मांडीवरचा रुमाल घडी करत होत्या. "मी म्हटलं, सोडून दे," तो म्हणाला.

लोक चहा न घेता गेले. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर सरांनी फोटो टाकला, खाली लिहिलं, 'ब्रिटिश हिप-हॉप, एक वेगळा अनुभव', आणि त्याखाली, पुढील वेळी निवड करताना घरातील ज्येष्ठांचं भान ठेवावं. त्यावर अंगठे पडत होते. मी ग्रुप सोडला. जाताना जे लिहिलं ते नंतर सरांनी पुसलं, असं मला कुणीतरी सांगितलं. पुसणं त्यांना येतंच.

नवरा स्वयंपाकघरात ताटल्या पुसून कपाटात ठेवत होता. तुला सांगायचं होतं मला, तो म्हणाला. आईला सांगू नकोस असंही तिला मीच म्हटलं. मग तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू स्टेशनवर भांडायला गेली असतीस. पोलिसात, शाळेत, सगळीकडे. तुला माहितीये तू कशी आहेस."

"गेलेच असते," मी म्हटलं.

मुलगी जिन्यात बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणून तर तुला सांगायचं होतं, आई," ती म्हणाली.