कुजबुजरावांनी वारा घेतला

रंगमंचाच्या पुढच्या काठाला एक लाकडी खोकं असायचं. प्रेक्षकांना त्याची नुसती पाठ दिसे. आम्हा नटांना त्यात एक चेहरा दिसायचा, तोही हनुवटीपर्यंतच. तो कुजबुजरावांचा. नट अडखळला की पुढची ओळ कुजबुजून पुरवायची, हे त्यांचं काम. ओळ अशी देत की पहिल्या रांगेला पत्ता लागू नये आणि माझ्या मात्र थेट कानात यावी. मी जन्मभर टाळ्या घेतल्या. त्यातल्या कितीतरी खरं म्हणजे त्या खोक्यात जायला हव्या होत्या. माझ्या कामाच्या शेवटच्या वर्षांत ते खोकं रिकामं होतं. का, ते सांगते.

आमच्याकडे धर्म तीन: दिव्याचा, पाण्याचा आणि वाऱ्याचा. तिन्ही खरे. घेतला की त्याची शक्ती अंगात येते आणि त्याची किंमतही द्यावी लागते. मी दिव्याची. मनापासून बोलले की माझ्या बोटांची टोकं उजळतात. म्हणून प्रेमाच्या प्रवेशात मी हातमोजे घालत असे. नायकावर माझं काडीचं प्रेम नाही हे शेवटच्या रांगेला कळायला नको.

ओळी देणारा माणूस मात्र कोरा लागे, कोणताच धर्म न घेतलेला. नाटक म्हटलं की त्यात शाप आले, खून आले. आणि वाऱ्याच्या माणसाने मनापासून म्हटलेलं खरं होतं. तसा माणूस खोक्यात बसून ‘मर’ म्हणाला तर तिसऱ्या अंकापर्यंत आमच्यातलं कोणी उरलं नसतं. कुजबुजरावांचा तर नुसत्या कोरेपणावरही भरवसा नव्हता. ते ओळ सपाट देत, दुकानाची पाटी वाचावी तशी. “अर्थ तुम्ही घाला बाई,” म्हणायचे, “मी फक्त शब्द पोहोचवतो.”

त्यांची बायको आमचे कपडे शिवायची. सगळी कंपनी तिला वहिनी म्हणे. मशीनपाशी कात्री असायची, तरी दोरा दातानेच तोडायची, आणि कुजबुजराव त्यावरून रोज तिच्यावर ओरडायचे. जुन्या मखमलीची धूळ वर्षानुवर्षं तिच्या छातीत साचत गेली. त्या हिवाळ्यात तिचा श्वास अडायला लागला. शेवटी वैद्यांनी आपली पेटी मिटली.

“माझ्याकडचं संपलं,” ते कुजबुजरावांना म्हणाले. “आता तुम्ही धर्म घ्या. नव्या माणसाची पहिली शक्ती घरच्याला देता येते. पण आजच. उद्याचं मी सांगू शकत नाही.”

वहिनीला स्वतःला शपथ म्हणण्याइतका श्वास उरला नव्हता. माझी पहिली शक्ती मी कधीच आईसाठी खर्च केली होती.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वहिनी उशांना टेकून बसली होती. कुजबुजराव बंद खिडकीपाशी उभे होते. ती खिडकी रंग बसून कायमची चिकटली होती.

“दिवा घ्या,” मी म्हटलं. “माझा आहे म्हणून नाही सांगत.”

“दिवा दुखणं हळूहळू जाळतो. महिने लागतात. तेवढे कुठून आणू, बाई?”

“मग पाणी.”

“पाणी एका रात्रीत धुतं, पण घेणाऱ्याच्या आठवणीही धुतं. किती, ते आधी सांगत नाही.”

“म्हणजे मी बरी होणार,” वहिनी थांबत थांबत म्हणाली, “आणि रोज सकाळी... यांना... माझी ओळख करून देणार.” ती हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेचना. तिचे ओठ निळसर पडले. कुजबुजरावांनी तिची पाठ धरून ठेवली.

उरला वारा. तो तर छातीचाच धर्म, श्वास तिथल्या तिथे मोकळा करतो. हा माणूस अडून का बसलाय, मला कळेना.

“बाई, मी झोपेत बोलतो,” ते म्हणाले.

“मीही घोरते. त्याचं काय?”

“मी नाटकं बोलतो. सगळ्यांच्या भूमिका. जागेपणी तोंड आवरेन, झोपेत कोण आवरणार?”

“‘मर, इथेच तुझा अंत,’” वहिनी म्हणाली. “हा यांचा आवडता.”

तेव्हा कुठे मला कळलं. आज हिला वाचवायचं आणि रात्री हिच्याच शेजारी झोपून हिला मारायचं.

वहिनीने नवऱ्याची बाही ओढली. “अहो, रात्रीचं रात्री बघू. आधी... रात्र तरी येऊ दे. आणि मेलेच तर... संवाद तरी चांगले असतील.”

ते कोट न घालताच निघाले. मी साक्षीदार म्हणून सोबत गेले.

वाऱ्याचं घर कापडगिरणीमागच्या चढावर होतं. त्याला दारं नव्हती, खिडक्यांना काचा नव्हत्या. मधोमध पितळी ताटात एक पांढरं पीस. सगळ्या घरात वारा घोंघावत होता आणि ते पीस ढिम्म होतं. शपथ मनापासून म्हटली तरच ते उठायचं. शाल गुंडाळलेल्या, नाक ओढत बसलेल्या पुजारीणबाईंनी शपथ ऐकवली आणि म्हणाल्या, “ऊन गेलं की शपथ चालत नाही. घाई करा.”

कुजबुजरावांनी एकदा ऐकलेली शपथ जशीच्या तशी म्हटली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पीस हललं नाही.

“शब्द आले,” पुजारीणबाई म्हणाल्या. “माणूस नाही आला.”

त्यांनी पुन्हा म्हटली, आणखी स्पष्ट, आणखी सपाट. पीस तिथेच. उन्हाची तिरीप ताट ओलांडून भिंतीकडे सरकली होती.

“कुजबुजराव, अर्थ घाला,” मी म्हटलं.

“जमत नाही, बाई.” त्यांचा सदरा घामाने भिजला होता. “तिथपर्यंत जातो आणि सवयीने मागे येतो.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही मागून द्या. मी नट होऊन बघतो.”

मी खांबाआड उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओळ देत होते.

“हे वाऱ्या, माझा श्वास मी तुझ्या स्वाधीन करतो,” मी कुजबुजले.

“हे वाऱ्या, माझा श्वास मी तुझ्या स्वाधीन करतो.” आवाजाला थोडासा रंग आला होता.

आणि पुढची ओळ माझ्या डोक्यातून गेली. साफ गेली. नेहमीसारखीच. मी खांबाला धरून उभी, समोर त्यांची पाठ आणि मधे ती भयानक शांतता.

शांतता त्या माणसाला सोसत नसे. नट थांबला की काहीतरी द्यायचंच, हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांचे खांदे वर आले, तोंड उघडलं. पण शपथेतली ओळ आली नाही.

“ती दोरा दाताने तोडते,” ते म्हणाले. “कात्री शेजारी असते, तरी. मी रोज ओरडतो. मला उद्याही ओरडायचंय. तिला श्वास दे.”

पीस ताटातून उठलं आणि तुळईला जाऊन टेकलं. ‘दे,’ मीही पुटपुटले आणि हात पदरात लपवले. बोटं नुसती पेटली होती.

“झालं,” पुजारीणबाई नाक पुसत म्हणाल्या. “जा आता. आणि जपून बोला.”

आम्ही परतलो तेव्हा वहिनी शेजारणीशी वाद घालत होती, एका दमात, न थांबता. कुजबुजराव उंबऱ्यातच खाली बसले. त्यांना मोठ्याने रडायचीही चोरी झाली होती. तोंडून काय निघेल याचा नेम नव्हता.

ते रात्री नाट्यगृहात झोपायला निघाले होते. वहिनीने जाऊ दिलं नाही. मग त्यांनी तोंडाला फडकं बांधलं आणि दिवा मालवला. मी घरी आले, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी जीव मुठीत धरून मी त्यांचं दार वाजवलं. आतून काहीच आवाज नाही. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. वहिनी. जागरणाने चेहरा उतरलेला, हातात शिवण. मागे पलंगावर कुजबुजराव गाढ झोपलेले, फडकं गळ्यात.

“सुटलं होतं?” मी हळूच विचारलं.

“पहिल्याच अंकात. राजाला मारलं, सेनापतीला मारलं. ‘मर, इथेच’ तर दोनदा झालं. मी उशाशी बसले होते. दर वेळी वाटायचं, आता गेला माझा श्वास. पण पुढचा आपला येतच होता.”

“काहीच कसं झालं नाही?”

“होणार कसं? खोक्यातून ओळ देतात ना, तशीच. सपाट. त्यात मारायची ताकदच नाही.” तिने मला आत घेतलं. “बाई, एक विचारायचं होतं. मधेच म्हणाले, ‘खिडकी उघड, हिला वारा लागू दे.’ हे कुठल्या नाटकातलं?”

मी माझी सगळी नाटकं आठवून पाहिली. कशातच ते वाक्य नव्हतं.

वहिनीने नुसती मान वळवली. रंगाने चिकटलेल्या खिडकीची कडी निघून खाली पडली होती, दोन्ही झडपा सताड उघड्या होत्या. तिने खिडकीत बसून एक टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.