मागच्या डाव्या बाजूचा आवाज

"आला बघा परत," पुष्पलता म्हणाली.

वामन तामोरेंनी गाडीचा वेग कमी केला, काच खाली घेतली आणि मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. चिल्हारच्या रस्त्यावर मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते.

"कुठून येतो?"

"मागून. डाव्या बाजूने. दारात कुत्र्याचं पिल्लू अडकल्यासारखं कुईंऽऽ करतंय. तुमाला ऐकू येत नाय?"

"येतो की. बेल्ट असेल."

"बेल्ट तर पुढं असतो ना? आणि गेल्या आठवड्यात बदललात तो?"

वामनरावांनी गाडी वळवली आणि दोघं घिवलीला घरी परत आली. असं परत फिरण्याची ही तिसरी खेप. दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं, पार कन्याकुमारीपर्यंत. आता होळी तोंडावर आली होती.

गाडी म्हणजे कामगारांची ने-आण करणारी जुनी मिनीबस. निवृत्त झाल्यावर वामनरावांनी ती घेतली, सीटा काढल्या आणि आत घर उभं केलं. पलंग, ओटा, बेसिन, इन्व्हर्टरवर चालणारा छोटा फ्रिज. सुतारकाम सगळं स्वतःच्या हातचं. शेजारपाजारचे बघायला यायचे तेव्हा ते प्लायचे सांधे बोटाने दाखवायचे. पुष्पलतेने चाळीस वर्षं सुकी मासळी विकली. तिचा प्रवास घिवली ते बोईसरचा बाजार आणि बाजार ते घिवली, एवढाच. आधी तिने या गाडीला नाक मुरडलं होतं. पण आत पडदे लागले आणि तिलाच जास्त घाई झाली.

आणि आता हा आवाज.

खरं दुखणं वेगळंच होतं. वामनरावांना तो आवाज ऐकूच येत नव्हता.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. कुंभवलीच्या कापड कारखान्यात ते तेहतीस वर्षं फिटर होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावली, की कुठली बेअरिंग आठवड्याभरात जाणार ते सांगायचे. इंजिनियर लोक म्हणायचे, "आधी वामनचा कान लावा, मग मशीन खोला." कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ते वामनरावांच्या खिशातच राहायचे. बोळे घातले तर मशीन काय बोलतं ते कळणार कसं?

दोनेक वर्षांपूर्वी कुकरची शिट्टी लांबून आल्यासारखी वाटायला लागली. मग मोबाइलची रिंग चुकायला लागली. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, आणि घेतलं तेव्हा बोलले नाहीत.

म्हणून ते अंदाजाने उपाय करत राहिले. आधी बेल्ट, मग मागच्या डाव्या चाकाची बेअरिंग, मग ब्रेकचे लायनर. बोईसरचा मेहुल मेकॅनिक पन्नाशीला आलेला, भरवशाचा माणूस. त्याने रिकामी गाडी तारापूरपर्यंत फिरवून आणली आणि म्हणाला, "काका, मला तर काय आवाज येत नाय."

वामनरावांना एकदम हलकं वाटलं. ते बायकोकडे वळले. "ऐकलंस?"

"म्हणजे मी खोटं बोलते?" पुष्पलता म्हणाली आणि रिक्षा करून एकटीच घरी गेली. पुढचे दोन दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी तिने हट्टाने सगळं सामान भरलं, फ्रिजमध्ये मासे ठेवले आणि म्हणाली, "चला. वाजू दे, नायतर जळू दे." बोईसर यायच्या आत आवाज सुरू झाला. तिने गाडी थेट मेहुलकडे न्यायला लावली.

वामनरावांनी इंजिन बंद केलं. मेहुल आत चढला आणि त्याने तोंड वाकडं केलं. "काका, इंजिन बंद हाय आणि हा चालूच! मग चाकाचा कसा असेल? दात आंबले माझे. तुमाला ऐकू येत नाय?"

"येतं रे."

"मग दाखवा कुठून येतो," पुष्पलता म्हणाली.

वामनराव उठले, आत एक फेरी मारली आणि उजव्या बाजूच्या बेसिनकडे बोट केलं. मेहुल आणि पुष्पलता एकमेकांकडे बघत राहिले.

वामनराव पलंगावर बसले. "नाय येत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"आणि तीन महिने मला वेडी ठरवलंत!" तिचा आवाज फाटला. "आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

वामनरावांनी हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात दिला. "टोक फळीला लाव, मूठ कानाला. कुठं वाढतो ते सांग."

ती रागातच वाकली. "इथं कमी. इथं... इथं जास्त. अगोबाई, कानातच ओरडतंय."

"एकसारखा की तुटक?"

"एकसारखा. मधेच चढतो."

ती जागा पलंगाखालची, डाव्या अंगाची. वामनराव मेहुलकडे वळले. "तू फिरवलीस तेव्हा फ्रिज बंद होता?"

"बंदच होता. गाडी रिकामी होती ना."

त्यांनी फळीचे स्क्रू काढले. आतून गरम हवेचा भपका आला. फळी इन्व्हर्टरला इतकी चिकटवून बसवली होती, की हवेला जागाच नव्हती. तापलेल्या इन्व्हर्टरचा छोटा पंखा वंगण सुकून, धुळीने भरून कसाबसा फिरत होता. वामनरावांनी इन्व्हर्टरच्या पेटीवर बोट टेकवलं. ती थरथर त्यांच्या ओळखीची होती. बेअरिंग गेलेली. आणि ती घालवणारी फळी त्यांनीच मापून कापली होती.

त्यांनी बटण बंद केलं. "गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला," पुष्पलता म्हणाली.

मेहुलने नवा पंखा आणला, फळीला भोकं पाडली. वामनरावांनी पालघरला कान तपासून घेतले आणि कुरकुरत ऐकायचं मशीन घेतलं. ते डबीतच राहिलं.

होळी उलटून ऊन तापायला लागलं तेव्हा कुठे ते निघाले. चिल्हार फाट्यापर्यंत वामनरावांनी चार वेळा गाडी बाजूला घेऊन विचारलं, "काय वाजत नाय ना?" पाचव्या वेळी पुष्पलतेने डबी त्यांच्यापुढे धरली. "घाला, आणि तुमीच ऐका."

त्यांनी मशीन घातलं आणि गाडी सुरू केली. भांडी खडखडत होती, खिडक्या थरथरत होत्या, पडद्याच्या कड्या किणकिणत होत्या.

"ही गाडी एवढी वाजते?" ते वैतागून म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "चला आता."