नेलपॉलिशचा थेंब
बाजारात जिन्याखालच्या बोळकांडीत रेडिओ, टॉर्च, चार्जर असलं काहीबाही दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे फ्यूज म्हणत. चटकन उडायचा म्हणून. पण उडण्यात त्याची थोरली बहीण त्याच्याही वरताण होती. मोजे-रुमालांच्या हातगाडीवर अक्काचं तोंड असं चालायचं, की गिऱ्हाईक भाव करायचं सोडून आधी माफी मागून मोकळं व्हायचं.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. इस्पितळाने मुठीत मावेल असं एक यंत्र दिलं. गळ्याला टेकवून बटण दाबलं आणि ओठ हलवले, की घरघरता आवाज निघे. त्यातून तिचं पहिलं वाक्य निघालं ते भावासाठीच: "रडतोस काय मेल्या, मेले नाही मी अजून!"

यंत्राचं चार्जिंग दुपारीच संपायचं. अक्कापुढे ते तरी बिचारं काय करणार! गाडीवर दिव्यासाठी बारा व्होल्टची बॅटरी होती, यंत्राला हवे होते पाच. फ्यूजने बाराचे पाच करणारं छोटं कन्व्हर्टर मध्ये बसवलं. त्यावर एक इवलासा स्क्रू असतो. तो फिरवून मीटरवर पाच आणायचे आणि वर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, म्हणजे तो जागचा हलत नाही. घरातली बाटली नेमकी सुकली होती.

"खाली दुकान आहे, आणा की," बायको म्हणाली.

त्याला जिना उतरायचा कंटाळा आला. "उद्या बघू," तो म्हणाला, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

गाडी रोज खड्ड्यांतून आदळत-आपटत जायची. एके दिवशी यंत्र मुकं झालं. फ्यूजने कन्व्हर्टरला मीटर लावला तर नऊ व्होल्ट!  स्क्रू सरकला होता, यंत्र जळालं होतं, आणि दुसरं मिळायला महिनोन्‌महिने लागणार होते.

समोर उभ्या अक्काने स्वतःकडे बोट दाखवलं, हाताची चोच करून वटवट वटवट उघडली-मिटली आणि कपाळावर हात मारून घेतला. सकाळीच एका गिऱ्हाइकाशी तिचं कडाक्याचं वाजलं होतं. आपण फार बोललो म्हणून यंत्र गेलं, असं ती धरून चालली होती.

"नाही गं," एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. पण फ्यूज म्हणाला, "असतं एकेका मशीनचं आयुष्य."

त्या दिवसापासून अक्काने ओठ हलवणंही सोडलं. गिऱ्हाईक देईल ते मुकाट घेऊ लागली. शेजारचा कुलूपवाला हसून म्हणाला, "अक्का सुधारल्या की हो!" फ्यूजला त्याची मानगूट धरावीशी वाटली, आणि लगेच स्वतःची.  यंत्र आपल्या आळसाने गेलं ते गेलं, पण तिचं तोंड मिटलं ते आपल्या खोटेपणाने, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

शेवटी पंधरा दिवसांनी न राहवून तो गाडीपाशी गेला. "अक्का, तुझ्या बोलण्याने काही झालं नाही. मी स्क्रू पक्का केला नव्हता. चूक माझी."

 अक्काचे ओठ सुटले. आवाज नव्हता, पण शिव्या लहानपणापासूनच्याच होत्या, त्याला एकूणएक कळत होत्या. मध्येच कुणी मोज्यांचा भाव विचारला, तर तिने बोटं नाचवून सांगितला आणि पुन्हा ह्याच्याकडे वळली. फ्यूजला इतकं हायसं वाटलं, की त्याला हसू फुटलं.

तेवढ्यात ती थांबली. त्याची बाही धरून तिने सावकाश काहीतरी विचारलं. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला ओठ वाचता आले.

"कधी कळलं तुला?"

"यंत्र गेलं त्याच दिवशी," तो म्हणाला.

अक्काने बाही सोडली आणि ती मोज्यांच्या जोड्या लावायला लागली.