उत्तरेकडचा शेजारी

आमच्या गल्लीत बाकीची माणसं बर्फ बाजूला करत. जनरल बर्फ तैनात करत. शोव्हल, म्हणजे बर्फाचं फावडं, भरून घेतलं की ते क्षणभर थांबत, ड्राइव्हवेच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकत आणि तो ढीग अशा काही विचाराने ठेवत, की बघणाऱ्याला वाटावं, हा इथून हलवला तर सीमेवर गडबड होईल. डोक्यावर मुलीने टाकून दिलेली जांभळी लोकरी टोपी, मिशांवर गोठलेली वाफ, आणि पायात एकेकाळी पिवळे असलेले बूट. असा हा सेनापती मला पहिल्या दिवशीच आवडला. मत्सर वाटू लागला तो दोन आठवड्यांनी. तो अजूनही वाटतो. आता तर चांगला मुरलाय.

टोरोंटोजवळच्या ग्वेल्फमधल्या आमच्या दोन घरांच्या मधून एकच ड्राइव्हवे जातो. उत्तरेला जनरल आणि त्यांच्या पत्नी रेखाताई, दक्षिणेला मी आणि माझी बायको शुभदा. जनरल नागपूरचे, दीक्षाभूमीजवळच्या वस्तीत वाढलेले. इथे एका कंपनीच्या प्रयोगशाळेत धान्याची प्रत तपासण्याचं काम करत आणि एप्रिल जवळ आला की जयंतीच्या तयारीसाठी दर शनिवारी टोरोंटोला जात. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की शाळेत असताना ते एनसीसीत होते आणि तिथूनही दम्यामुळे परत आले होते. 'जनरल' हे नाव मीच ठेवलं, चिडवायला म्हणून. ते त्यांना इतकं शोभलं की महिनाभरात ते माझं राहिलंच नाही.

ते राहायला येण्याआधी आमच्या गावातल्या मराठी मंडळींत गोष्ट सांगणारा माणूस एकच होता. नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो, तो मी. पॉटलकचं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण झालं, लोक हात धुऊन बेसमेंटमध्ये टेकले, की कोणीतरी म्हणायचं, "हं, आता होऊ दे." मग मी कस्टमच्या अधिकाऱ्याला लोणच्याचा वास समजावून सांगितला ती गोष्ट सांगे, किंवा काकांच्या स्कूटरची. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, हशा कुठे येणार, सगळं मला पाठ. दुर्दैवाने शुभदालाही पाठ. ऐन हशाच्या आधी ती उठायची आणि, जेवणं आटोपलेली असली तरी, कढी गरम करायला वर जायची. बाकी सगळे हसत असायचे आणि मी मात्र जिन्यावरून वर जाणारी तिची पावलं ऐकत असायचो.

युद्धाला तोंड लागलं ते डिसेंबरातल्या एका शनिवारी. रात्रभर पडलेला बर्फ कोणी कुठे टाकायचा, असा साधा प्रश्न होता.

"तुमच्या बाजूचा तुमच्याकडे, माझ्या बाजूचा माझ्याकडे," मी म्हणालो.

"हे तर लय जुनं भांडण झालं, भाऊ," जनरल हसून म्हणाले, आणि शोव्हलच्या कडेने त्यांनी बर्फात एक आडवी रेघ ओढली. "ही उत्तरेची राज्यं. ही दक्षिणेची. अमेरिकेच्या यादवी युद्धात याच्यावर चार वर्षं माणसं मेली. तुम्ही दक्षिणेत."

"मी काहून दक्षिणेत?" मी मुद्दाम त्यांच्या सुरात विचारलं.

"घर दक्षिणेला हाय ना तुमचं. त्याला मी काय करू?"

त्या दिवसापासून दर शनिवारी मी माझ्याच दारात हरत गेलो. माझा रिसायकलिंगचा निळा डबा म्हणजे बंदरातला तो किल्ला, ज्याच्यावर दक्षिणेने पहिला तोफगोळा टाकला. माझ्या गळक्या पन्हाळीखाली गोठलेली पट्टी म्हणजे मिसिसिपी. ती उत्तरेच्या हातात गेली तेव्हा माझी गाडी तीन बाजूंनी बर्फाने वेढलेली होती आणि जनरल मला शांतपणे समजावत होते, की मिसिसिपीकाठी असाच वेढा पडलेल्या विक्सबर्गच्या लोकांना तर शेवटी खेचरं खावी लागली. रस्ता साफ करणारा नगरपालिकेचा ट्रक आला आणि त्याने नेहमीप्रमाणे अख्ख्या रस्त्याचा बर्फ आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणून टाकला, तेव्हा ते टोपी काढून उभे राहिले. "अटलांटा गेलं," ते म्हणाले. अटलांटा दक्षिणेचं शहर, म्हणजे माझ्या बाजूला होतं. मी ते दुपारपर्यंत उपसत होतो.

नावांवर त्यांचा विश्वास नव्हता. "नावं विसरतात, वहिनी. स्वभाव ध्यानात राहतो," असं म्हणत ते सगळ्या सेनापतींना स्वभावावरून हाका मारत. उत्तरेचा एक सेनापती 'चिरूटवाले', दक्षिणेचा मोठा सेनापती 'पांढरी दाढी', आणि सैन्य जमवून, कवायती करून, शत्रू दुप्पट आहे असं दर आठवड्याला कळवून जागचा न हलणारा एक होता, तो 'निघतोच आहे'.

"आमच्या मंडळाचे अध्यक्षच की," शुभदा म्हणाली.

हो, शुभदा. ती पहिल्यांदा मला नाश्त्याला बोलवायला बाहेर आली होती. दुसऱ्यांदा माझं जॅकेट घालून, हातात चहाचा मग घेऊन आली. तिसऱ्यांदा तिने आल्या आल्या विचारलं, "सुरू नाही ना झालं?" आणि ती जाऊन उभी राहिली ती ड्राइव्हवेच्या उत्तरेच्या कडेला.

"तिकडे कशाला?" मी विचारलं.

"ऊन आहे इकडे."

ऊन खरंच तिकडे होतं. मी ते मागाहून दोनतीन वेळा तपासलं. आमच्या घराची सावली आमच्यावरच पडते. पण माणसाची बायको उघडउघड उत्तरेत गेली की भूगोलाने समाधान होत नाही. त्या सकाळी जनरलनी पहिल्या मोठ्या लढाईची हकिकत सांगितली. राजधानीतले बडे लोक बग्ग्यांत बसून, खाण्याच्या टोपल्या घेऊन लढाई बघायला आले होते आणि उत्तरेचं सैन्य उधळल्यावर त्या बग्ग्या, त्या टोपल्या आणि ते सैन्य असे सगळे एकाच रस्त्यावरून जीव घेऊन पळाले. शुभदा हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मगमधला चहा बर्फावर सांडेपर्यंत हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. लग्नाआधी ते माझ्या गोष्टींना यायचं.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की रेखाताई यातलं काहीही ऐकायला कधी बाहेर आल्या नाहीत. "मी नागपुरातच असताना चारदा अटलांटा जळताना पाहिलं, भाऊजी," त्या म्हणायच्या. "तुमचं ते स्कूटरचं सांगा." आणि मी सांगितलं की त्या मनापासून हसायच्या. दुसऱ्याच्या बायकोसारखा श्रोता नाही. पण मला काही रेखाताईंना हसवायचं नव्हतं.

जानेवारीत मी तयारीनिशी उतरलो. इंटरनेटवर बरंच वाचलं होतं. शुभदा उत्तरेत येऊन उभी राहिल्यावर मी घसा साफ करून म्हणालो, "जनरल, तुम्ही एकच बाजू सांगता. दक्षिण लढली ती राज्यांच्या हक्कांसाठी."

"बरोबर," ते म्हणाले. "हक्क कशाचा, ते एकदा बोला ना, भाऊ."

मी राज्यघटना म्हणालो, स्वायत्तता म्हणालो. ते मान डोलवत राहिले आणि पुन्हा तेवढ्याच गोडीने म्हणाले, "हो. पण हक्क कशाचा?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मला ते शब्द उच्चारावे लागले. माणसं विकत घेण्याचा आणि विकण्याचा.

मग त्यांनी शोव्हल भिंतीला टेकवलं. त्या दिवशी ना नकाशा काढला, ना कुणाची नक्कल केली. युद्ध सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला असताना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलेली तीन गुलाम माणसं एका रात्री होडीत बसली आणि वल्हवत उत्तरेच्या किल्ल्यावर गेली. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा अधिकारी आला. म्हणाला, कायद्याने आमचा माल परत द्या. किल्ल्याचा प्रमुख मूळचा वकील. तो म्हणाला, तुम्ही वेगळा देश झालात ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसला लागू? आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हा युद्धात वापरलेला माल असेल, तर मी तो जप्त केला.

"जप्त माल म्हणून का होईना, परत नाही दिलं," जनरल म्हणाले. "मग दहा आले, मग शेकडो आले. बायका, लेकरं, म्हातारे. अध्यक्षांची मुक्तीच्या कागदावर सही व्हायला पुढे दीड वर्षाच्या वर गेलं, वहिनी. हे आधीच निघाले होते. नकाशावर सैन्य कुठं चाललं ते सगळे सांगतात. आपण नकाशाच्या बाहेरून कोण चालत येऊन राहिलं, ते पाहायचं." मग म्हणाले, "माझा आजा गाव सोडून नागपूरच्या मिलमध्ये आला, तोही कोणाला विचारून नाही आला."

शुभदा मगवर दोन्ही हात धरून उभी राहिली. मी पायऱ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकायला घेतलं.

फेब्रुवारीत जनरलना शोव्हल करताना धाप लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय थकलंय, बर्फ उपसणं कायमचं बंद. मुलगी पार पश्चिम किनाऱ्याकडे, कोक्विटलामला. तिने फोनवर रडून, रागावून शेवटी त्यांना कबूल करायला लावलं. तिथे बर्फ कमी, पाऊस जास्त. घराला गिऱ्हाईक लगेच मिळालं. पाडवा झाला की निघायचं ठरलं. युद्ध तेव्हा दक्षिणेच्या राजधानीच्या, रिचमंडच्या दारात अडकलेलं होतं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळत होता.

"शेवट राहिलाच की," शुभदा म्हणाली.

"पाहू," जनरल म्हणाले.

मला संधी दिसली. माझी इच्छा फार मोठी नव्हती. जनरल इथून जायच्या आत, त्यांच्यादेखत, एकदा तरी शुभदाने माझी गोष्ट शेवटपर्यंत बसून ऐकावी. आणि तिला ज्या गोष्टीचा शेवट ऐकायचा होता, तो शेवट वापरात नव्हता. मी तो उचलायचं ठरवलं. त्याबद्दल मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

पाडव्याला आमच्या बेसमेंटमध्ये दुपारचं जेवण होतं. श्रीखंड संपलं, मंडळी सैलावली आणि कोणी "होऊ दे" म्हणायच्या आत मी उभा राहिलो. एका शेतकऱ्यापासून सुरुवात केली. युद्धातली पहिली मोठी लढाई त्याच्या शेताजवळ झाली, त्याच्या स्वयंपाकघरात तोफगोळा पडला. वैतागून तो कुटुंब घेऊन दूर, जिथे युद्ध येणारच नाही अशा आडगावी राहायला गेला. चार वर्षांनी त्याच गावात दोन सेनापती शरणागतीसाठी चांगलं घर शोधत आले, आणि ते नेमके त्याच्याच दिवाणखान्यात. मी पांढरी दाढी झालो, कडक इस्त्रीचा पोशाख, कमरेला तलवार. मी चिरूटवाले झालो, चिखलाने माखलेले बूट, साध्या शिपायाचा कोट. हरलेल्या शिपायांनी आपापले घोडे घरी न्यावेत, पेरणीचे दिवस आहेत, हे वाक्य मी इतक्या हळू म्हटलं की घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज ऐकू येत होता. आणि शुभदा बसलेली होती. वर कढी उतू गेली असती तरी ती उठली नसती. टाळ्या पडल्या. जनरल सगळ्यांत मोठ्याने वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर शुभदाने विचारलं, "त्या शेतकऱ्याच्या घरात राबणारी माणसं असतील ना? त्या दिवशी तिथेच असतील. त्यांचं पुढे काय झालं?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे घोडे होते, तलवार होती, चिखल होता. ती माणसं नव्हती. आणि मग माझ्या लक्षात आलं, की तिने प्रश्न विचारताना माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.

"भाऊंनी युद्ध संपवलं, झकास संपवलं," जनरल खुर्चीतूनच म्हणाले. "पण त्या माणसांची गोष्ट तर आता कुठं सुरू होते, वहिनी." आणि त्यांनी ती सुरू केली. विकून टाकलेली लेकरं शोधत गावोगाव चालणारे आईबाप, वर्तमानपत्रांत छापलेल्या त्यांच्या जाहिराती, पोरांशेजारी बसून अक्षरं गिरवणारे म्हातारे, पहिल्यांदा दिलेलं मत आणि पुढे ते मत द्यायला गेल्यावर दारात उभी असलेली बंदूक. ते थांबले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. कोणाला सुचलंच नाही. माझ्या टाळ्या मला फार स्वस्त वाटल्या.

कोक्विटलामला निघताना कोरड्या, सपाट ड्राइव्हवेवर त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, तो शेतकरी मला असा सांगता आला नसता," ते म्हणाले. या वाक्यात कुठे टोमणा आहे का, ते मी आठवडाभर उलटसुलट करून पाहिलं. नव्हता. एखादा असता तर मला फार आधार झाला असता.

उत्तरेला आता एक शांत जोडपं राहतं. त्यांच्याकडे बर्फ उडवायचं यंत्र आहे. ते आमची बाजूही न विचारता साफ करून देतात. शनिवारी दहा मिनिटांत सगळं आटोपतं आणि मी शोव्हल हातात धरून नुसता उभा असतो.

जनरलचा फोन रविवारी दुपारी येतो. तिकडे सकाळ असते. शुभदा स्वयंपाकघरात टेबलावर फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत बसते आणि पुढचं ऐकते. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्याच्याकडे बघत बसतो. मागच्या रविवारी ऐन रंगात असताना जनरल थांबले.

"भाऊ ऐकून राहिले का?"

"छे," शुभदा म्हणाली. "ते कामात आहेत."

मग तिची खुर्ची माझ्या दाराकडे सरकल्याचा आवाज आला, आणि जनरलचा आवाज एकदम मोठा झाला.