जादा पाळीची खोली

दुकानात तिला सगळ्या 'समाधानीबाई' म्हणत. त्यात निम्मी थट्टा होती आणि निम्मं कौतुक. कपडे दुरुस्त करणाऱ्या त्या अरुंद दुकानात बायका ओळीने मशीनवर बसायच्या आणि हातांबरोबर तोंडंही चालायची. एकीचा जावई धड नव्हता, दुसरीच्या भिंतीला ओल येत होती, तिसरीला शेजारीण डोळ्यांसमोर नको असायची. समाधानीबाई मात्र पँटची खालची पट्टी उसवता उसवता सांगायची, "काल उशांचे अभ्रे उन्हात टाकले होते. डोकं टेकलं ना, तर इतका छान वास येत होता की झोपून तो वाया घालवावासाच वाटेना."

"हिला एक उशी द्या आणि राज्य लिहून घ्या," मालकीणबाई म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. तीही हसायची.

तिचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मागच्या खोलीत सकाळी ऊन यायचं, ओट्यावरून हळूहळू सरकत टेबलाकडे जायचं, आणि ती आपलं स्टूल त्याच्यामागे ढकलत चहा प्यायची. पाव तव्यावर खरपूस भाजायची. रेडिओवरची जुनी गाणी, धुतलेल्या फरशीचा गार स्पर्श, बाहेर वारं सुटलेलं असताना घट्ट बंद होणारी खिडकी, यात तिचा दिवस भरून जायचा. संध्याकाळी जेवणं झाली की नवरा-बायको पत्त्यांचा डाव मांडत. हरेल त्याने भांडी घासायची. नवरा बऱ्याचदा हरायचा. तो मुद्दाम हरतो असा तिला संशय होता, आणि तो संशय तिला फार आवडायचा.

पण ही काही जन्मजात समाधानी नव्हती. लग्नानंतरच्या वर्षांत तिलाही हौस होती. विजेच्या मोटरवर चालणारी शिलाई मशीन हवी होती, पाठ टेकून बसायला एखादी मऊ खुर्ची हवी होती, बहिणीकडे समुद्राकाठी चार दिवस जावंसं वाटायचं. नवरा छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात फोरमन होता. त्याने तिला कशालाही नाही म्हटलं नाही. तो फक्त खोलीभर नजर फिरवायचा आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "आपल्याला काय कमी आहे गं?"

ते तो इतक्या मायेने म्हणायचा की तीही त्याच्याबरोबर खोलीभर बघायची. आणि खरंच, बघायला लागलं की काही ना काही सापडायचं. एखादा हात जसा शिवणावर बसतो, तसं तिचं मन थोडक्यावर बसलं. पुढे पुढे मागणं सुटलं, ते सुटल्याचंही तिच्या लक्षात आलं नाही. दोघांनी मिळून काहीतरी साधलंय, असं तिला वाटायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्याची जादा पाळी असायची. ते पैसे म्हातारपणासाठी बाजूला पडताहेत, असं तो म्हणे, आणि तिने कधी खोदून विचारलं नाही. त्या दिवशी तो उशिरा यायचा, खुर्चीत मटकन बसायचा आणि म्हणायचा, "उभं राहून राहून पाय भरून आलेत." ती पाणी गरम करून घमेल्यात ओतायची, त्याचे पाय त्यात ठेवायची आणि मग मांडीवर घेऊन दाबून द्यायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

एके दिवशी कुलपं दुरुस्त करणारा माणूस जाकिटाची चेन बसवून घ्यायला दुकानात आला. तिला तो तोंडओळखीने ओळखत होता.

"वहिनी, साहेबांना सांगा," तो म्हणाला, "त्या खोलीचं कुलूप परत अडकलं तर आता बदलावंच लागेल. तेल घालून भागायचं नाही."

"कुठल्या खोलीचं?"

"ती हो, पिठाच्या गिरणीवरची." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. "माझाच काहीतरी घोळ झाला असेल. एवढी कुलपं, कुणाचं कुठलं, लक्षात राहत नाही." चेन बसायची वाटही न बघता तो निघून गेला.

नवऱ्याने लपवून खोली घेतलीय, म्हणजे आत कोण असणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच्या जाकिटाची चेन बसवत राहिली आणि चेन उलटी बसली.

शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर निघाली. गिरणी अजून चालू होती. बाजूच्या जिन्यावर पीठ उडून पांढरा थर बसला होता आणि त्यावर बुटांचे ठसे वर गेलेले होते, एकाच माणसाचे. डाव्या टाचेची झिजलेली कड तिने लगेच ओळखली. 'ती बाई आधीच येऊन बसली असेल,' असं मनाशी म्हणत ती वर गेली आणि दार वाजवलं.

नवऱ्यानेच दार उघडलं. पायात लोकरी सपाता होत्या, हातात कॉफीचा मग होता. मागे कुठलातरी सामना मोठ्या आवाजात चालला होता. तो काही बोलायच्या आत ती त्याला बाजूला सारून आत शिरली. पडद्यामागे पाहिलं. न्हाणीघराचं दार उघडलं. पलंगाखाली वाकून बघायला गेली, तर पलंगच नव्हता.

"कुठंय ती?"

"कोण?"

"मला विचारताय?"

"इथे कुणी नाही," तो म्हणाला. "मी एकटाच असतो."

मग तिने खोली पाहिली. मधोमध मोठी, गडद लाल, गुबगुबीत खुर्ची होती, खटका दाबला की पाय वर उचलणारी. खाली पाऊल रुतेल असा गालिचा. भिंत व्यापणारा टीव्ही, खिडकीत गार हवेचं यंत्र, कोपऱ्यात फ्रिज, त्यावर कॉफीचं यंत्र. सगळं एकाच माणसाचं. दुसरा मग नव्हता, दुसरी खुर्ची नव्हती.

क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग जे समजलं त्याने तिला खाली बसावंसं वाटलं, पण बसायचं तर त्याच खुर्चीत बसावं लागलं असतं. ती उभीच राहिली.

"जादा पाळी ही?"

त्याने हातातला मग फ्रिजवर ठेवला.

"किती वर्षं?"

"झाली बरीच."

"आणि मी तुमचे पाय दाबत होते."

टीव्हीवर लोक ओरडत होते, तो त्याने बंद केला. मग म्हणाला, "मला ते जमत नाही गं. ऊन बघणं, पाव भाजणं. तुला त्यात आनंद होतो, तुझ्याकडे बघून बरंही वाटतं. पण दोन दिवसांत मी गुदमरतो. इथे आलो की जरा मोकळं वाटतं."

"मग मला का नाही आणलंत?"

"तुला काही नकोच असायचं."

हे वाक्य तिला जितकं लागलं तितकं आयुष्यात काही लागलं नव्हतं. तिचा आवाज चढला नाही. "मला हवं होतं," ती म्हणाली. "मशीन हवी होती, खुर्ची हवी होती. मी मागितली होती. तुम्ही म्हणालात, आपल्याला काय कमी आहे. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून ते सगळं मनातून काढून टाकलं. एकेक करून. आणि तुम्ही ते इथे आणून ठेवलंत, स्वतःसाठी."

"मी तुला फसवायला नव्हतो म्हणालो."

"मग कशाला म्हणालात?"

ती जिना उतरली. साडीच्या काठाला पीठ लागलं होतं, ते तिने घरी पोचेपर्यंत झटकलं नाही.

तो घरी आला तेव्हा त्याच्या कपड्यांची पिशवी दाराशी होती. "तिथेच राहा," ती म्हणाली. "मोकळं वाटेपर्यंत." तो पिशवी उचलून गेला.

दुकानात तिने सांगितलं, कारण गप्प बसून हात चालेनात. जावयाचं रडगाणं गाणारीने तर कपाळावर हात मारला. "बाई नव्हती ना? मग सुटलीस. खुर्चीच तर आहे." मालकीणबाईसुद्धा म्हणाली, "पुरुषाला एखादी चैन असते. माझा दारू प्यायचा." कुणालाच समजलं नाही. तिलाही नीट सांगता येईना. दुसरी बाई असती तर तिच्या नावाने बोटं मोडता आली असती. इथे तिच्यापासून नवरा कुणी नेला नव्हता. नेलं होतं ते तिचं समाधान, आणि ते त्यानेच तिच्या हातात दिलेलं होतं.

सकाळचं ऊन यायचं, पण ती स्टूल हलवत नव्हती. चहा गार व्हायचा. प्रत्येक गोष्टीपाशी एकच प्रश्न उभा राहायचा: हे मला खरंच आवडतं, की दुसरं काही मिळणार नव्हतं म्हणून आवडून घेतलं? रेडिओ तिने बंदच ठेवला. पत्ते कपाटावर टाकून दिले.

मग ती बहिणीकडे गेली. बहिणीने कारण विचारलं नाही, फक्त जेवायला वाढलं आणि रोज समुद्रावर नेलं. समुद्र छान होता. पण तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, आपल्याला घरच्या फरशीची आठवण येतेय. धुतल्यावर अनवाणी उभं राहायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. परतल्यावर तिने एकेक गोष्ट पारखून पाहिली. फरशी तिची होती, उशांचे अभ्रे तिचे होते. खरपूस पाव मात्र तिचा नव्हता. तिला खरं तर मऊच आवडायचा. पत्त्यांना तिने हात लावला नाही.

पावसाळा सरल्यावर तो आला. खोली सोडली, म्हणाला. खाली हातगाडीवर ती लाल खुर्ची होती, तिच्यासाठी आणलेली. हमालाने आणि त्याने मिळून ती दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत चढवली आणि तिथे ती अशी अडकली की ना वर जाईना ना खाली येईना. सगळा जिना तमाशा बघायला गोळा झाला. "वर नको, खालीच न्या," ती कठड्यावरून म्हणाली. "घ्यायची तर माझी मी घेईन." खुर्चीचे हात काढून ती अखेर सोडवली आणि ती खालच्या मजल्यावरच्या विधुर मास्तरांकडे गेली. न मागता मिळाली म्हणून त्यांनी तीन वेळा आभार मानले.

नवऱ्याला तिने घरात घेतलं. या वयात कुठे धाडणार, आणि माणूस वाईट नव्हता, हेही तिला माहीत होतं. पण तो 'छान' म्हणाला की तिचा हात थांबायचा. खिडकीशी बसून तो "किती निवांत आहे" म्हणाला, की ती मान वर करून त्याच्याकडे बघायची, आणि तो ओशाळा व्हायचा. आधी त्याच्या शब्दांवर तिचं घर उभं होतं. आता त्यातला एकही शब्द तिला बिनधास्त घेता येत नव्हता.

एकदा जेवताना त्याने पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणाला, "मस्त झालंय."

ती वाढायची थांबली.

तो जरा चाचरला. "मीठ कमी आहे," म्हणाला. "आणि बटाटे थोडे कच्चे राहिलेत."

तिने चव घेऊन पाहिली. खरंच कच्चे होते. तिने त्याच्यापुढे मीठ सरकवलं, पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं, आणि शिजेपर्यंत दोघं बसून राहिले.